लाळेचे घरटे
अंदमानातील गुहापाकोळीचा जीवनक्रम

जुन्या देवळाच्या कमानीखाली, किल्ल्याच्या दरवाज्यात किंवा एखाद्या मोठ्या इमारतीच्या छज्जाखाली काळसर रंगाचे लहान पक्षी घोळक्याने घिरट्या घालताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांचे पंख लांब, अरुंद व विळ्याप्रमाणे वाकलेले असतात. दिवसभर हवेत भिरभिरत किडे टिपावयाचे आणि सांजावले म्हणजे कमानीच्या आश्रयास यावयाचे, असा त्यांचा नित्यक्रम असतो. याच पाकोळ्या होत. पुष्कळ लोक त्यांना भिंगरीच समजतात. परंतु भिंगरी तारेवर रांगेने बसते. पाकोळीला तसे बसता येत नाही. तिचे पाय अत्यंत आखूड असून ते केवळ उभ्या पृष्ठभागास नखांनी धरून लोंबकळण्याच्या उपयोगाचे असतात.

या पाकोळीचे घरटे जवळून पाहिल्यास त्यात गवताच्या काड्या व पिसे एकमेकांस घट्ट चिकटविलेली आढळतात. काड्या व पिसे पक्ष्याने हवेतूनच गोळा केलेली असतात. आणि ज्या गोंदाने ती चिकटविलेली असतात तो गोंद म्हणजे त्या पक्ष्याची स्वतःची लाळ होय.

आपल्या गावातील पाकोळीच्या दूरच्या नात्यातील एका लहान पाकोळीने काड्या व पिसे वापरणे जवळजवळ सोडूनच दिले आहे. ती केवळ लाळेचे घरटे बांधते. हे घरटे शुभ्र, अर्धपारदर्शक व वाटीच्या अर्ध्या भागासारखे असून गुहेच्या भिंतीस चिकटलेले असते. आग्नेय आशियातील बेटांवर व किनाऱ्यांवर ही जात आढळते आणि भारतात ती अंदमान व निकोबार बेटांवर राहते. तिच्या घरट्यांचे सार चिनी लोकांत फार पूर्वीपासून पौष्टिक व प्रतिष्ठेचे खाद्य मानले जाते, त्यामुळे ही घरटी जगातील अत्यंत महाग खाद्यवस्तूंत मोडतात. ज्या घरट्यामुळे या पक्ष्याला सुरक्षित जागी पिले वाढविता आली, त्याच घरट्यामुळे अंदमानातून त्याचा नाश होण्याची वेळ आली होती. हा नाश टाळण्याचा मार्ग कसा सापडला, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम या पक्ष्याचा जीवनक्रम पाहिला पाहिजे.

पक्ष्याची ओळख

गुहापाकोळी आकाराने चिमणीहूनही लहान असते. तिची लांबी बारा सेंटिमीटरांच्या आसपास असून वजन वीस ग्रॅमही भरत नाही. पाठीकडील रंग काळपट तपकिरी, पोटाकडील फिकट करडा. शेपटीस किंचित खाच. चोच अगदी लहान, परंतु तोंडाचा जबडा मात्र रुंद. नर व मादी यांत बाह्यतः फरक दिसत नाही. थोडक्यात, या पक्ष्याच्या रूपात लक्ष वेधून घेणारे असे काहीच नाही. आकाशात उडताना एका जातीची गुहापाकोळी दुसरीपासून वेगळी ओळखणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. घरटे पाहिले म्हणजे मात्र ओळख पटते.

शास्त्रीय ग्रंथांत या जातीस ‘एरोड्रॅमस फ्युसिफॅगस’ असे नाव आहे. ‘फ्युसिफॅगस’ याचा अर्थ समुद्रशैवाल खाणारा. १८१२ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ थुनबर्ग याने हे नाव दिले, त्यावेळी ही घरटी समुद्रातील शैवालापासून बनलेली असावीत असा समज प्रचलित होता. कोणी त्यांना समुद्राच्या फेसाचीही घरटी म्हणत. वस्तुतः या पक्ष्याचा समुद्राशी संबंध एवढाच की, त्याच्या वस्तीच्या काही गुहा समुद्रकाठच्या कड्यांत असतात. समज खोटा ठरला, परंतु नामकरणाच्या नियमांनुसार एकदा दिलेले नाव टिकून राहिले.

अंदमानातील उपजातीचे नाव ‘इनेक्स्पेक्टॅटस’, म्हणजे अनपेक्षित, असे आहे. हे नाव १८७३ मध्ये अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी दिले. हिंदी राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी ज्यांचे नाव निगडित आहे, तेच हे ह्यूम. भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासातही त्यांचे कार्य मोठे आहे.

या पक्ष्याचे सर्व अन्न हवेतच मिळते. पंख फुटलेल्या मुंग्या व वाळव्या, लहान भुंगेरे, माश्या असे उडणारे कीटक तो रानावरून, शेतांवरून आणि पाण्यावरून उडता उडता टिपतो. पिलांसाठी कीटक न्यावयाचे असले म्हणजे ते लाळेत घोळवून त्यांचा एक लहानसा गोळा तोंडात साठविला जातो. पहाटे गुहेतून बाहेर पडलेले पक्षी दिवसाचा बराच काळ असे हवेत काढतात व अंधार पडता पडता परततात.

अंधारातील वाट

अंदमानातील चुनखडीच्या गुहांच्या तोंडाशी आणखी एक लहान पाकोळी घरटे करते. तिच्या पाठीवर निळसर चकाकी असते व पोट पांढरे असते. तिचे घरटे शेवाळ व वनस्पतींचे तंतू लाळेने जोडून केलेले असते. ही पाकोळी जेथवर उजेड पोहोचतो तेथवरच जाते, आणि इमारतींतूनही सहज राहते. गुहापाकोळी मात्र उजेडाची सीमा ओलांडून, जेथे मनुष्याला स्वतःचा हातही दिसत नाही अशा ठिकाणी शिरते, भिंतीस न आपटता वळणे घेते आणि शेकडो घरट्यांतून नेमके आपले घरटे गाठते. तिला हे कसे साधते?

याचे उत्तर तिच्या आवाजात आहे. काळोखात शिरताच ती ‘टक्‌-टक्‌’ असा तुटक आवाज एकसारखा काढू लागते. एखाद्या फणीच्या दात्यांवरून नख जलद ओढावे, तसा हा आवाज ऐकू येतो. बहुधा हे टकटकाट जोडीजोडीने येतात. आवाज भिंतीवर आदळून परत येतो. त्या प्रतिध्वनीवरून भिंत कोणत्या बाजूस व किती अंतरावर आहे हे पक्ष्याला कळते.

यामागील तत्त्व साध्या गणिताने समजू शकते. हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. भिंत १.७ मीटर अंतरावर असेल, तर जाऊन येऊन ध्वनीस ३.४ मीटर प्रवास करावा लागेल, आणि त्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागेल. भिंत जसजशी जवळ येईल तसतसा हा काळ कमी होत जाईल. एवढा सूक्ष्म फरक ओळखण्याची शक्ती पक्ष्याच्या कानांत व मेंदूत असते. अडथळा जवळ आला म्हणजे पाकोळी आपले आवाज अधिक जलद काढू लागते, म्हणजे तिला बातमीही तितक्याच जलद मिळत राहते.

वटवाघुळेही प्रतिध्वनीच्या आधारे उडतात, हे वाचकांस ठाऊक असेल. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. बहुतेक वटवाघुळांचा आवाज इतका उच्च असतो की तो मनुष्याच्या कानास ऐकू येत नाही. पाकोळीचा टकटकाट आपण स्पष्ट ऐकू शकतो, कारण त्यातील कंपनांची संख्या बहुतांशी दर सेकंदास काही हजार एवढीच असते. दर सेकंदास ३,४०० कंपने असलेल्या ध्वनीची तरंगलांबी दहा सेंटिमीटर भरते. ३४,००० कंपनांच्या ध्वनीची एकच सेंटिमीटर. तरंगलांबी जितकी मोठी, तितके लहान वस्तूंवरून येणारे प्रतिध्वनी दुबळे. त्यामुळे पाकोळीला भिंत, खांब, दुसरा पक्षी यांचा बोध होतो. बारीक चिलटाचा होत नाही. म्हणून वटवाघूळ आवाजाच्या साहाय्याने रात्री शिकार करते, तर पाकोळी शिकार करते ती दिवसा आणि डोळ्यांनी. आवाज ती मुख्यतः घराची वाट शोधण्यासाठी वापरते.

पाकोळ्यांच्या या शक्तीचे शास्त्रशुद्ध निरीक्षण १९५० नंतरच्या दशकात झाले. त्यात आपल्या उपखंडाचाही भाग आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ अल्विन नोव्हिक यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण श्रीलंकेतील गुहापाकोळीचे होते. ही जात आपल्या सह्याद्रीतही राहते. त्याच वर्षी लॉर्ड मेडवे यांचे याच विषयावरील टिपण प्रसिद्ध झाले. त्यांनी बोर्निओ बेटावरील नियाह येथील प्रचंड गुहांत पाकोळ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. पुढे झालेल्या प्रयोगांत याच गटातील एका जातीने अंधारात एक सेंटिमीटरहूनही कमी जाडीचे दांडे ओळखल्याचे आढळले.

प्रतिध्वनीचा असा उपयोग करणारे पक्षी जगात फारच थोडे आहेत. काही जातींच्या गुहापाकोळ्या आणि दक्षिण अमेरिकेतील गुहांत राहणारा व रात्री फळे खाणारा तेलपक्षी एवढ्यांतच ही शक्ती निश्चितपणे सिद्ध झालेली आहे.

गुहेतील अंधाराचा पाकोळीला मोठा लाभ मिळतो. ससाणे, कावळे, माकडे असे घरटी लुटणारे शत्रू तेथवर येऊ शकत नाहीत. तथापि गुहा ही पूर्णपणे निर्भय जागा नव्हे. बोर्निओतील गुहांत भिंतीवर चढणारे साप पक्षी पकडतात, आणि गुहेतील मोठे रातकिडे अंडी व नुकतीच जन्मलेली पिले खातात. यास्तव घरटे केवळ अंधारात असून भागत नाही. ते उंचावर, गुळगुळीत व आत झुकलेल्या भिंतीवर असावे लागते. अशा जागी फांदीचा अगर खाचेचा आधार नसतो. तेथे घरटे टिकवावयाचे तर ते भिंतीलाच चिकटविले पाहिजे. लाळेचे महत्त्व येथे दिसून येते.

घरट्याची बांधणी

विणीचा हंगाम जवळ आला म्हणजे पक्ष्याच्या जिभेखालील लाळग्रंथी फुगतात व एरवीपेक्षा कितीतरी पट मोठ्या होतात. रात्रीच्या वेळी पक्षी भिंतीस धरून बसतो, डोके एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवतो आणि जिभेने लाळेचा धागा भिंतीवर लावीत जातो. प्रथम अर्धचंद्राकृती रेघ उमटते. लाळ हवेने वाळून घट्ट झाली म्हणजे तिच्यावर दुसरा थर चढतो. असे थरावर थर देत सुमारे एक ते दीड महिन्यात अर्ध्या वाटीचे घरटे तयार होते. तळहातावर सहज मावेल एवढे हे घरटे असते.

अशा शंभराहून अधिक घरट्यांचे मिळून एक किलो वजन भरते. म्हणजे एका घरट्याचे वजन आठ-दहा ग्रॅमांहून जास्त नसते. हे अल्प वाटेल; परंतु बांधणाऱ्या पक्ष्याचे स्वतःचे वजनही वीस ग्रॅमपेक्षा कमी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या श्रमाची कल्पना येते. आपल्या शरीराच्या निम्म्याइतक्या वजनाचा पदार्थ या पक्ष्याला आपल्याच शरीरातून निर्माण करावा लागतो, आणि तोही रोज हवेत पकडलेल्या कीटकांच्या अन्नावर.

रासायनिक पृथक्करणात या घरट्यात निम्म्याहून अधिक प्रथिने आणि सुमारे एक-चतुर्थांश कर्बोदके आढळतात. यांतील बराचसा भाग साखरेचे रेणू जोडलेल्या प्रथिनांचा असतो. त्यांच्यामुळेच लाळेला चिकटपणा येतो. पाण्यात शिजविले म्हणजे घरटे मऊ होऊन त्याचे तंतू सुटतात. त्यास स्वतःची अशी विशेष चव नसते. त्याच्या औषधी गुणांविषयी परंपरेने पुष्कळ सांगितले जाते. परंतु मनुष्यावर काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांचा भक्कम आधार त्या सर्व गुणांस मिळालेला नाही.

एका हंगामाचा हिशेब

घरटे पूर्ण झाल्यावर मादी त्यात दोन शुभ्र अंडी घालते. अंडी उबविण्यास तीन आठवड्यांहून थोडा अधिक काळ लागतो. पिलू जन्मतः उघडे व आंधळे असते. ते घरट्याच्या काठास धरून वाढते आणि सुमारे सहा आठवड्यांनी उडू लागते. पहिलेच उड्डाण नीट जमले पाहिजे, कारण गुहेच्या तळाशी पडलेल्या पिलास पुन्हा वर येता येत नाही.

आता या सर्व काळाची बेरीज करू. बांधणीस पाच ते सहा आठवडे, उबविण्यास सुमारे साडेतीन आणि पिलू वाढविण्यास सुमारे सहा. म्हणजे पहिली लाळ भिंतीस लागल्यापासून पिलू उडेपर्यंत साडेतीन महिन्यांचा अवधी जातो. अंदमानात ही वीण साधारणपणे पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत होते. हंगाम मर्यादित आणि काम मोठे, अशी स्थिती आहे.

अंडी घालण्यापूर्वी घरटे नाहीसे झाले, तर पक्षी त्याच जागी दुसरे बांधण्यास आरंभ करतो. दुसरे गेले तर तिसरेही बांधतो. पक्ष्याच्या या चिकाटीमुळे घरटी गोळा करणाऱ्यांस वाटते की, कितीही नेली तरी पुरवठा संपणार नाही. परंतु प्रत्येक वेळी नवी लाळ लागते, नवे आठवडे जातात, आणि उशिरा बांधलेल्या घरट्यातील पिलांस उडण्यापूर्वीच हंगाम संपण्याचा धोका उत्पन्न होतो. घरटी पुन्हापुन्हा मिळत राहतात, पण त्यांतून पिले निघत नाहीत. जुने पक्षी जिवंत असेतोवर गुहा भरलेलीच दिसते. नवे पक्षी येत नाहीत हे ध्यानात येईपर्यंत पुष्कळ वर्षे निघून गेलेली असतात.

गुहांची लूट

बोर्निओमधील नियाह व गोमान्तोंग या गुहांतून घरटी काढण्याचा धंदा फार जुना आहे. तेथे उंच खांब, वेताच्या शिड्या व दोर यांच्या साहाय्याने माणसे छतापर्यंत चढतात. हे काम अत्यंत धोक्याचे असून त्यात माणसे प्राणास मुकलेली आहेत. तथापि जेथे गुहेवर एखाद्या कुटुंबाचा अगर जमातीचा वंशपरंपरागत हक्क होता, तेथे घरटी कधी काढावयाची व कधी नाही, यासंबंधी काही शिस्त पाळली जात असे. आज सर्व घरटी नेली तर पुढील वर्षी आपलेच नुकसान होईल, हे हक्कदारास समजत होते.

अंदमानातील गुहांची स्थिती निराळी होती. गुहा रानात व कड्यांत विखुरलेल्या, त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही आणि घरटी काढणे चोरटे. अशा ठिकाणी घरटे पूर्ण होण्याची वाट कोण पाहणार? आपण थांबलो तर दुसरा येऊन नेईल, ही भीती प्रत्येकास असते. त्यामुळे अर्धवट बांधलेली घरटी, अंडी असलेली घरटी, पिले असलेली घरटीही ओरबाडून नेली जात. अंडी व पिले खाली टाकून दिली जात. घरटी काढणारे बहुतेक गरीब असत. त्यांच्या श्रमाचा मोठा मोबदला दूरच्या बाजारातील व्यापाऱ्यांस मिळे.

१९९० नंतरच्या दशकात कोइमतूर येथील सालिम अली पक्षिशास्त्र व निसर्गेतिहास केंद्राचे डॉ. रवी शंकरन यांनी अंदमान व निकोबार बेटांतील गुहांची पाहणी केली. होडीने, पायी आणि पुष्कळदा घरटी काढणाऱ्यांनाच वाटाडे म्हणून बरोबर घेऊन ते गुहांपर्यंत पोहोचले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, सुमारे दहा वर्षांत या पक्ष्यांची संख्या ८० टक्क्यांनी घटली असावी, असा निष्कर्ष होता. ही गती कायम राहती, तर थोड्याच वर्षांत गुहा रिकाम्या झाल्या असत्या.

चोरच झाले राखणदार

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे संपूर्ण बंदी. परंतु दूर रानातील प्रत्येक गुहेवर पहारा ठेवणे सोपे नाही. आणि ज्याचे पोट घरट्यावर चालते तो बंदीमुळे थांबतोच असे नाही. शंकरन यांनी दुसरा मार्ग सुचविला, आणि तो पक्ष्याच्या वेळापत्रकावर आधारलेला होता.

पिले उडून गेल्यावर मागे राहिलेले घरटे पक्ष्याच्या दृष्टीने संपलेले असते. पुढील हंगामासाठी तो पुन्हा लाळ निर्माण करतो. असे रिकामे घरटे काढले, तर पक्ष्याची हानी होत नाही आणि मनुष्यास मात्र त्याचे मोल मिळते. अट एकच: पहिल्या दिवसापासून पिले उडेपर्यंत घरट्यास कोणी हात लावता कामा नये. म्हणजे एकाच घरट्याने पक्ष्याची वीणही साधावी व मनुष्याची उपजीविकाही चालावी, अशी ही योजना होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अंदमानच्या वन विभागाच्या सहकार्याने हे कार्य सुरू झाले. उत्तर अंदमानातील दिगलीपूरजवळ चालीस-एक येथील चुनखडीच्या गुहा आणि मध्य अंदमानच्या पश्चिमेस असलेले इंटरव्ह्यू बेट ही त्याची मुख्य क्षेत्रे होती. जी माणसे पूर्वी घरटी काढीत असत, त्यांनाच राखणदार म्हणून नेमण्यात आले. कोणती गुहा कोठे आहे, कोणत्या भिंतीवर कसे चढावयाचे, चोर कोणत्या वाटेने येतो, हे त्यांच्याहून अधिक कोणाला माहीत असणार? विणीच्या महिन्यांत ही माणसे गुहांजवळ मुक्काम करून राहू लागली. घरट्यांची मोजणी करणे, अंडी केव्हा घातली, पिले केव्हा उडाली याची नोंद ठेवणे हेही त्यांचे काम झाले. राखलेल्या गुहांत पिले सुखरूप उडू लागली आणि घरट्यांची संख्या पुन्हा वाढीस लागली.

याच्या जोडीने आणखी एक प्रयोग हाती घेण्यात आला. गुहापाकोळीची अंडी इमारतीत राहणाऱ्या पांढऱ्या पोटाच्या पाकोळीच्या घरट्यात ठेवावयाची, म्हणजे तिने उबवून वाढविलेली पिले पुढे त्याच इमारतीस आपले घर मानतील, अशी ही कल्पना होती. जावा बेटावर ही युक्ती पूर्वीपासून ठाऊक होती. इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड व व्हिएतनाम या देशांत आता पाकोळ्यांसाठी मुद्दाम अंधाऱ्या व दमट इमारती बांधतात, त्यांत पाकोळ्यांचे ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्यांस बोलावतात आणि तेथूनच घरट्यांचा बहुतांश पुरवठा होतो. पक्षी पिंजऱ्यात नसतात; ते मोकळ्या हवेत चरून स्वेच्छेने परततात. मात्र नव्या इमारतींस भर वस्तीत जागा द्यावी काय, आवाजाचा व स्वच्छतेचा बंदोबस्त कसा करावा, असे प्रश्न या धंद्याबरोबर त्या देशांतील शहरांत उभे राहिले आहेत.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही हा प्रश्न आला होता. १९९४ मध्ये या पक्ष्यांच्या व्यापारावर करारान्वये नियंत्रण आणावे असा प्रस्ताव मांडण्यात आला. तो तसा स्वीकारला गेला नाही. परंतु त्यातूनच १९९६ मध्ये इंडोनेशियातील सुराबाया येथे तज्ज्ञांची बैठक भरली आणि घरटी काढण्याची योग्य वेळ व रीत यांचा विचार झाला.

डॉ. शंकरन यांचे २००९ मध्ये अकाली निधन झाले. गुहापाकोळीच्या अभ्यासाचे काम त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चालविले.

पश्चिम किनाऱ्यावरील भगिनी

वर ज्या सह्याद्रीतील जातीचा उल्लेख आला, ती भारतीय गुहापाकोळी पश्चिम घाटातील व श्रीलंकेतील गुहांत राहते. किनाऱ्याजवळच्या काही खडकाळ बेटांवरही तिच्या वसाहती आहेत. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकास वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडकांचे बेटसमूह आहेत, त्यांतील एका गुहेत तिची मोठी वसाहत आहे. हुमायून अब्दुलअली यांनी येथील पाकोळ्या व सुरय पक्षी यांच्यावर १९४२ मध्ये लेख लिहिला होता.

या जातीचे घरटे निव्वळ लाळेचे नसते. त्यात शेवाळ, पिसे व काड्या मिसळलेल्या असतात. त्यामुळे त्यास शुभ्र घरट्याइतके मोल येत नाही. तरीही तेथून घरट्यांची चोरी होत असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी या बेटाची पाहणी करून त्या चोरीकडे लक्ष वेधले आणि संरक्षणाचा प्रयत्न केला. येथील वसाहतीचे भवितव्यही अंदमानाप्रमाणेच एका गोष्टीवर अवलंबून आहे: विणीचे ते मोजके आठवडे पक्ष्यांस निर्वेधपणे मिळाले पाहिजेत.

आपल्या गावातील पाकोळी

प्रत्येक वाचकास अंदमानच्या गुहा पाहावयास मिळणार नाहीत. परंतु आपल्या गावातील कमानीखालची पाकोळी पाहण्यास काहीच अडचण नाही. घरट्यास हात न लावता, दुरूनच, वही व पेन्सिल घेऊन काही नोंदी करता येतील. पक्षी काड्या व पिसे आणू लागले तो दिवस कोणता? घरट्यात आळीपाळीने बसणे केव्हा सुरू झाले? पिलांचा आवाज प्रथम कधी ऐकू आला, आणि घरटे रिकामे कधी झाले? अशा तारखा दोन-तीन वर्षे सतत लिहून ठेवल्या, तर आपल्या गावातील पाकोळीचे वेळापत्रक तयार होईल.

इमारतीची रंगरंगोटी किंवा डागडुजी काढावयाची असेल, तेव्हा हे वेळापत्रक संबंधितांस दाखविता येईल आणि विणीचे आठवडे टाळून काम करण्याची विनंती करता येईल. अंदमानातील राखणदारांनी गुहेच्या तोंडाशी बसून ठेवलेल्या नोंदींचे स्वरूपही याहून फार वेगळे नव्हते.